तेलाच्या डब्याचा मग

भांड्याला पोचा आलेला दिसला की माणूस काय करतो, ते मी बारकाईने बघते. बहुतेक लोक ते भांडं बाजूला ठेवतात, काही जण फेकून देतात. आमच्या हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागातल्या मुख्य सिस्टरने मात्र पोचा आलेला स्टीलचा ट्रे उचलला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला, जरा पुढे सरकून दुसरी टिचकी मारली. मग खुर्चीवर बसून तो गुडघ्यावर पालथा घातला आणि चमच्याच्या पाठीने पोच्याच्या कडेकडेने ठोकायला लागली. मधोमध एकही ठोका नाही. कडेने गोल गोल आत जात शेवटी मध्यावर आली, आणि ट्रे सपाट झाला.

माझ्या आईखेरीज असं करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

रक्ताचे नमुने घेऊन लॅबकडे निघाले होते, ती दारातच थांबले. "सिस्टर," मी विचारलं, "तुमचे वडील पत्र्याचं काम करायचे का?"

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं इंग्रजी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतलं, शब्द गिळत पुढे पळणारं. पण त्या दिवशी ती सावकाश बोलली. "तुला हे कोणी सांगितलं?"

"ट्रेने."

तिने उठून दार लोटून घेतलं. "आणि तुझे?"

"बाप लोखंडाचं, आई पत्र्याचं. आम्ही घिसाडी. गावाबाहेर पाल ठोकायचं, विळ्या-कुऱ्हाडींना पाणी द्यायचं, काम संपलं की बिऱ्हाड गाढवावर घालून पुढच्या गावाला."

कुवेतला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि घिसाडी हा शब्द मी इथे पहिल्यांदा तोंडातून काढला होता. तसं व्हायला नको होतं. माझ्या वडिलांनी ऐरण सोडून भटक्यांच्या चळवळीत उडी घेतली, तालुक्याच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर पत्रकं काढली, आणि मी वाचायला शिकले ती वाटून उरलेल्या त्या पत्रकांवर. माझं वाक्य अजूनही जरा वरच्या पट्टीतच सुरू होतं. पण माझ्या खैतान भागातल्या फ्लॅटवर, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, कोणी "तुमचं गाव कुठलं?" विचारलं की मी म्हणायचे, "बार्शीकडचं." ते खोटं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही बार्शीकडे असायचो.

सिस्टर साठीला टेकलेली. अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आलेली, चार वर्षांपूर्वी तो गेला तरी थांबलेली. तिच्या माणसांना त्यांच्या देशात ट्रॅव्हलर म्हणतात. प्रवासी नव्हे, भटके. लोकांनी दिलेलं नाव टिंकर, म्हणजे टिन ठोकणारा. कामावरून पडलेलं नाव आहे, पण तिकडे ती शिवी आहे. मला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडेही कामाची नावं शिव्यांसारखी वापरतात.

त्या दिवसापासून दुपारच्या चहाला ती मला तिचे रस्ते सांगू लागली, आणि मी तिला वडिलांच्या पत्रकांबद्दल. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणाच्या हिरव्या भिंती असलेली अरुंद वाट, एका वेळी एकच घोडागाडी जाईल एवढी. वाटेच्या कडेला गवताची पट्टी, ती यांची जागा. झाडाच्या ओल्या फांद्या वाकवून जमिनीत खोचायच्या, वरून कांबळी आणि ताडपत्री, आत सात पोरं. पावसात कापडाला आतून बोट लावायचं नाही, लावलं की तिथूनच गळणार.

"आमच्या पालातही तेच!" मी ओरडलेच.

"मग तूही लावलं असशील."

"एकदाच. रात्रभर आजोबा पाण्याखाली झोपले."

ती इतकी हसली की चहा सांडला. तिची आई दूध साठवायचे टिनाचे डबे हातावर अडकवून शेतकऱ्यांच्या दारोदार फिरायची. डबा हवा असेल तर मागच्या दाराने बोलावत, नको असेल तर पुढच्या दारातून कुत्रा सोडत. शाळेत यांना वेगळ्या बाकावर बसवत, आणि वर्गात जाण्याआधी सगळ्यांसमोर हात-पाय धुवायला लावत, आंघोळ करून आलं तरी. पुढे प्लास्टिक आलं आणि टिन संपलं. आता तर गवताच्या त्या पट्टीवर कोणी उतरू नये म्हणून मोठमोठे दगड आणून टाकलेत. तिची बहीण अजून चाकांच्या घरात राहते, आणि त्या दगडांच्या पलीकडे जागा शोधते.

हे सगळं कुवेतमधल्या तिच्या एकाही देशवाल्याला माहीत नव्हतं. ती शहरातल्या सलवा भागात राहायची. तिथे आणि आसपास त्यांची सहा घरं होती, शाळांतले शिक्षक, एक दंतवैद्य, एक इंजिनीअर. दर शुक्रवारी दुपारी आळीपाळीने एकाकडे जेवण. नवरा गेला तेव्हा याच सहा घरांनी कागदपत्रं केली, शवपेटी विमानात चढेपर्यंत तिचा हात सोडला नाही, नंतर महिनाभर तिला एकटीला जेवू दिलं नाही. त्यांच्यातलं कोणीही वाईट नव्हतं. पण टिंकरवरचे विनोद ती अठरा वर्षं त्याच टेबलावर ऐकत होती आणि सगळ्यांबरोबर हसत होती.

मग फेब्रुवारी आला. सलव्यातल्या एका शाळेच्या मैदानावर दरवर्षी देशोदेशीच्या लोकांचा मेळा भरतो. आयरिश स्टॉलचा कारभार तिथल्या एका मुख्याध्यापकाकडे होता, गडगडाटी हसणारा मोकळा माणूस. त्याने यंदा पुठ्ठ्याची रंगीत घोडागाडी करायची आणि पुढे मुलांना टिंकर म्हणून उभं करायचं ठरवलं. तोंडाला काजळी, फाटके झगे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे हात पसरायचे. सिस्टरला शिवण चांगलं येतं, म्हणून ठिगळांचे सहा झगे शिवायचं काम तिच्याकडे आलं.

तिने ते कापड मला दाखवलं. पिशवीतून काढलं, परत पिशवीत ठेवलं.

मी पेटले. "शिवू नका! तोंडावर सांगा त्यांना! अठरा वर्षं काय कमी झाली?"

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्याकडे पत्रक आहे. माझ्याकडे सहा घरं आहेत."

ती घरं गेली असती तर त्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर फक्त टीव्ही उरला असता. त्यातून मी तिला कोणत्या तोंडाने सांगत होते? बार्शीकडची मी!

दोनच दिवसांनी त्याच मेळ्यासाठी आमच्या मंडळाची बैठक वहिनींच्या घरी झाली. वहिनी म्हणजे मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचा गाडा ओढणाऱ्या पुण्याच्या बाई. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. समोर चिवडा, हातात यादी.

"तू ना, मुलांना स्टेजवर सोडायचं बघ," त्या मला म्हणाल्या. "थीम आहे 'भटकंती'. एक पोतराज, एक नंदीबैलवाला, एक घिसाडीण. घिसाडणीला जरा काळं फासू या हं. आणि हातात थर्माकोलचा घण."

"घण थर्माकोलचा नसतो, वहिनी."

"अगं ते कळतं मला. पण पाच वर्षांच्या चिमुरडीला पेलायचा कसा खरा?"

"आणि काळं कशाला?"

"कोळशाशी काम ना त्यांचं!"

"माझी आई काम झालं की तोंड धुते."

वहिनींनी यादी खाली ठेवली. "तुझी आई?"

"घिसाडीण आहे. बाप सांडशीत लोखंड धरायचा, ती घण मारायची. आमच्यात घण बायकाच मारतात. मीही मारलाय, लॅबच्या कोर्सला नंबर लागेपर्यंत."

"पण तू तर बार्शीची..."

"बार्शीची, करमाळ्याची, परांड्याची. जिथे पाल पडलं तिथली."

कोणीतरी उगाचच चिवड्याचं भांडं पुढे सरकवलं. वहिनींचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता "आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं" येणार. ते आलंही. पण त्याच्यामागून दुसरं वाक्य आलं, ते मी गृहीत धरलं नव्हतं. "मग काय करायचं ते तूच सांग. आणि चहा गार झाला तुझा, दुसरा आण रे कोणीतरी हिला."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं सिस्टरला सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"दुसरा चहा कुठल्या कपातून दिला?"

"त्याच. सगळ्यांचे होते तसल्याच."

तिने आपला कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "मला टिन लागेल."

तिचा बाप गेल्यापासून तिने टिनाला हात लावला नव्हता, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं. पण ठरलं ते असं की झग्यांच्या जागी ती स्वतः बसणार आणि सगळ्यांसमोर टिनाचा मग घडवणार. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवणं तिला सोपं वाटत होतं. जमियातून, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी दुकानातून, ऑलिव्ह तेलाचे चार मोठे डबे आणले. तेल आम्ही बाटल्यांत भरलं, ते पुढे वर्षभर पुरलं. सांधे भरायला शिसं नसलेलं सोल्डरच हवं, असा तिचा हट्ट. हाडाची नर्स. ते वितळवायला तांब्याच्या जाड टोकाचं जुन्या पद्धतीचं हत्यार मी जलीब भागातल्या एका गिझर दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणलं. त्याने विचारलं, कशाला हवंय? म्हटलं, पाण्याचा मग करायला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहीर खणायला निघालेय.

तिच्या बाल्कनीत आम्ही बसलो. पत्रा कापणं, पाइपावर गोल वळवणं, कडा एकमेकींत अडकवणं, हे तिच्या हातांना आठवत होतं, तिला स्वतःला आठवत नसताना. पण सांधा भरायला गेली की सोल्डर धरेना. पाऱ्यासारखे थेंब व्हायचे आणि घरंगळत खाली. एकदा, दोनदा, पाच वेळा. तिच्या बापाला टिनाचे कोरे पत्रे मिळत, ते हत्यार टेकताच सोल्डर पिऊन घेत. ती त्याच भरवशावर होती.

"हात गेले माझे," ती म्हणाली आणि हत्यार खाली ठेवलं.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई आता पालात नाही, दोन खोल्यांत राहते, पण डब्यांची नरसाळी अजून करते. तिने डबा जवळ धरायला सांगितला, डोळे बारीक केले आणि फटकन म्हणाली, "अगं येडे, आतून रंग हाय त्याला! हल्लीच्या डब्यास्नी आतून रंग लावत्यात, तेल खराब होऊ नाही म्हणून. त्यावर कसं धरंल? कडंला दोन बोटं जागा वाळूनं घास. पार पांढरी दिसूस्तवर घास."

"वाळूने?"

"तिकडं वाळू नाही व्हय?"

सिस्टर मराठीचं अक्षर न समजता मोबाइलकडे बघत होती. मी तिला सांगितलं तशी ती कपाळावर हात मारून हसली. बाल्कनीच्या कोपऱ्यात मागच्या धुळीच्या वादळाची वाळू साचलेलीच होती. ओल्या फडक्यावर ती घेऊन आम्ही दोघी कडा घासत बसलो. चंदेरी पत्रा उघडा पडला. हत्यार टेकलं आणि सोल्डर सांध्यातून पाण्यासारखं पळत गेलं.

पलीकडून आई ओरडली, "बाईला सांग, हात ब्येस हाय तिचा!"

मेळ्याच्या शुक्रवारी ऊन कोवळं होतं. सिस्टर आयरिश स्टॉलवर आली तेव्हा पुठ्ठ्याची गाडी उभी होती आणि मुलं काजळीच्या डब्याभोवती होती. मागे मी, डबे आणि कॅम्पिंगची छोटी शेगडी घेऊन.

"झगे कुठे आहेत?" मुख्याध्यापकाने विचारलं.

"नाही शिवले. यंदा तुझ्या स्टॉलवर खरी टिंकर बसणार आहे."

तो गडगडाटी हसला. "कुठून पकडून आणलीस?"

"आरशातून," ती म्हणाली, आणि वाळूत सतरंजी टाकून खाली बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. "माझा बाप असाच बसायचा. रस्त्याच्या कडेला, घोडा मागे बांधून. मी त्याची सगळ्यांत मोठी मुलगी."

हसू अर्ध्यात राहिलं. त्याच्या बायकोने हातातला कागद खाली ठेवला. "तू?"

"मी. अठरा वर्षं तुझ्या ताटात जेवतेय."

कोणी काही बोलायच्या आत तिने कात्री चालवायला घेतली, आणि मग कोणाला बोलायला जागाच उरली नाही. मी पलीकडे बसून कडा घासायला लागले. लोक जमले. आमच्या मंडळाचे लोकही आले. थर्माकोलचा घण कुठेच नव्हता, वहिनींनी मुलांच्या हाती नुसती लेझीम दिली होती. दंतवैद्याच्या घरच्यांनी आपल्या दोन मुलांचे हात धरले आणि ते निघून गेले. सिस्टरने ते पाहिलं. हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

तळ बसवला, कान जोडला, काठ तारेवर दुमडला. ठोके पडत होते तसे माझेही पाय ताल धरत होते. शेवटी तिने तो मग गार पाण्यात बुडवून काढला, पुसला, काठोकाठ पाणी भरलं आणि पांढऱ्या टिश्यूच्या कागदावर ठेवला.

"माझा बाप एक पाइप ओढून होईपर्यंत थांबायचा," ती म्हणाली. "मी ओढत नाही. तुम्ही आपले उभे राहा."

एवढी माणसं एका कागदाकडे टक लावून बघताना मी कधी पाहिली नव्हती. गळलं तर? अठरा वर्षांनी तोंड उघडलं आणि तेही गळकं, असं झालं असतं. आमच्या मागे कोणीतरी मल्याळम्‌मध्ये कुजबुजलं, त्याला तिघांनी एकदम गप्प केलं.

तिने मग उचलला. कागद कोरडा होता. तिने तो कागद सुकलेल्या पानासारखा हवेत हलवून दाखवला आणि मुख्याध्यापकापुढे मग धरला.

त्याचे हात खिशात होते. ते खिशातच राहिले. तेव्हा त्याच्या बायकोने पुढे होऊन मग घेतला आणि न थांबता सगळा प्यायली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. "देवा," ती म्हणाली, "आणि आम्ही तुला ते झगे शिवायला सांगितले."

टाळ्या पहिल्यांदा वहिनींनी वाजवल्या, मंडळात वाजवतात तशा, बांगड्यांसकट. त्यानंतर जे सुरू झालं ते मेळा संपेपर्यंत थांबलं नाही. मग हवाय, मलाही हवाय! चार डब्यांत जेवढे निघाले तेवढे निघाले. वहिनी तर तिथूनच घरी जाऊन पोह्यांचा जुना पितळी डबा घेऊन आल्या. "सहा वर्षं झाकण बसत नाही गं याचं." मी काठ फिरवून ठोकला, झाकण बसलं. त्यांनी ते चारदा उघडून बंद करून पाहिलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घिसाडणीचा हात आहे! बसणारच!" मला एकीकडे लाजही वाटली, आणि दुसरीकडे वाटलं, अजून मोठ्याने म्हणा.

संध्याकाळी मी सामान आवरत होते, तेव्हा मुख्याध्यापक एकटाच पुठ्ठ्याची गाडी मोडत होता. कोणी सांगितलं नव्हतं. तुकडे करून कचऱ्याच्या पिशवीत भरत होता, वर बघत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी जेवणाची पाळी सिस्टरची होती. तिने मला सकाळीच बोलावलं. बटाटे सोलताना ती तीनदा म्हणाली, "जास्त झालं तर तू डब्यात घेऊन जा." टेबलावर ताटं मात्र तिने सगळ्यांची मांडली, दंतवैद्याच्या घरची चारही. एक वाजता कोणी नव्हतं. सव्वाला कोणी नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून एकच भांडं परत परत पुसत होती आणि मी वडिलांच्या पत्रकांतलं एखादं वाक्य तिच्या उपयोगी पडेल का, ते शोधत होते. एकही सापडत नव्हतं.

दीडला बेल वाजली. दारात मुख्याध्यापक आणि त्याची बायको, मागे जिन्यात आणखी दोन घरची माणसं, पार्किंग मिळालं नाही म्हणून कुरकुरत. दोनपर्यंत पाच घरं आली. चार ताटं रिकामीच राहिली. ती तिने उचलली नाहीत, आणि कोणी उचलायला सांगितलंही नाही.

जेवताना बराच वेळ हवेवर आणि पार्किंगवर बोलणं चाललं. मग मुख्याध्यापकाने घसा साफ केला. त्याच्या गडगडाटाचा आवाज फारच खाली आला होता. "आमच्या आजीच्या शेतावर टिनाचे दुधाचे डबे होते. तुझ्या बापाने विकले असतील का गं?"

"असतील," सिस्टर म्हणाली. "आणि तुझ्या आजीने घासाघीस करून त्याला रडवलं असेल."

"केलीच असेल! ती पाद्रीशीसुद्धा घासाघीस करायची."

"आणि कुत्रा होता का तुमच्याकडे?"

"होता."

"काळा?"

"काळा."

"मग तो चावलाय माझ्या आईला," ती म्हणाली, आणि टेबलाभोवतीचे सगळे आधी दचकले आणि मग हसले. ती सगळ्यांत मोठ्याने. हसता हसता तिने खुर्ची मागे सरकवली, बाही वर केली आणि हिरव्या कुंपणांच्या त्या वाटेपासून सांगायला सुरुवात केली. कोणत्या वळणावर गवताची पट्टी रुंद होते, कोणत्या शेतावर मागचं दार उघडं असायचं, पावसात कापडाला बोट का लावायचं नाही. भाजी गार होत चालली होती. मी उठून ती शेगडीवर ठेवली. आत तिचा आवाज चालूच होता, आणि एक-एक जण विचारत होता, "मग? मग पुढे?"